वर्कर एकाचे नऊ केल्यापासून लोक आपोआप लॉगआउट होत आहेत: संख्या चुकली की आणखी काही?

शून्यप्रहर

नमस्कार.

फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर लिहिलेले एक अंतर्गत अ‍ॅप्लिकेशन नुकतेच माझ्याकडे देखभालीसाठी आले आहे. यंत्राला चार कोअर आणि आठ जीबी मेमरी आहे. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे पायथनचा कोड चालवणारा गुनिकॉर्न आणि त्याच यंत्रावर पोस्टग्रेस हा डेटाबेस अशी नेहमीची मांडणी आहे. गुनिकॉर्न आजवर एकाच वर्करवर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेसवर) चालत होता, कारण काही न सांगितल्यास तो एकच वर्कर सुरू करतो आणि आधीच्या कोणी त्याला काही सांगितलेले नव्हते. गर्दीच्या वेळी पाने रेंगाळतात अशी तक्रार आली, तेव्हा टॉप या कमांडमध्ये एकच कोअर पूर्ण भरलेला आणि उरलेले तीन जवळजवळ रिकामे दिसत होते. म्हणून गुनिकॉर्नच्या दस्तऐवजातले "कोअरच्या दुप्पट अधिक एक" हे सूत्र लावून मी नऊ वर्कर केले.

वेग वाढला, त्याबद्दल वाद नाही. मात्र त्याच दिवसापासून तीन नव्या तक्रारी सुरू झाल्या आहेत. लोक काम करता करता मध्येच लॉगआउट होतात, आणि काहींच्या म्हणण्याप्रमाणे पान दोन-तीनदा रिफ्रेश केले की पुन्हा लॉगइन असल्यासारखे दिसते. रोज सकाळी जाणारा स्मरणपत्राचा ईमेल एकाच व्यक्तीला अनेकदा जातो. शिवाय गर्दी वाढली की पोस्टग्रेस नवी कनेक्शन नाकारतो.

माझा प्रश्न असा की योग्य संख्या ठरवायची कशी, आणि नऊऐवजी चार वर्कर ठेवले तर हे प्रकार थांबतील का?

रात्रपाळी

चार ठेवले तर ईमेल चारदा जाईल. एवढी प्रगती निश्चित होईल.

कोरा_कागद

रात्रपाळी यांनी थट्टेत सांगितले तरी उत्तर बरोबर आहे. तुमच्या तक्रारी नऊ या आकड्यामुळे आलेल्या नाहीत. एकाचे दोन केले असते तरी त्या आल्याच असत्या, फक्त जरा उशिरा लक्षात आल्या असत्या.

गुनिकॉर्नची मास्टर प्रोसेस पोर्ट उघडते आणि फोर्क करून, म्हणजे स्वतःची प्रत काढून, वर्कर तयार करते. सगळे वर्कर त्याच एका सॉकेटवर कनेक्शनची वाट पाहतात, आणि जो आधी उचलेल त्याला ते मिळते. मास्टर स्वतः एकही रिक्वेस्ट हाताळत नाही. वर्कर जिवंत आहेत का हे पाहणे आणि मेलेल्याच्या जागी नवा उभा करणे एवढेच तिचे काम. मूळ मांडणीत प्रत्येक वर्कर तुमचा कोड स्वतंत्रपणे लोड करतो. त्यामुळे मॉड्यूलच्या पातळीवर लिहिलेली प्रत्येक वस्तू, मग तो एखादा डिक्शनरीतला कॅशे असो, मोजणी करणारे व्हेरिएबल असो, ठरल्या वेळी काम चालवणारा शेड्यूलर असो की डेटाबेसच्या उघड्या कनेक्शनचा साठा, म्हणजे पूल, असो, तुमच्याकडे आता नऊ वेळा अस्तित्वात आहे आणि कोणत्याही एका प्रतीला दुसरीची खबर नाही. नऊ कारकून बसवले आणि प्रत्येकाला स्वतःची कोरी वही दिली, असा हा प्रकार आहे.

ईमेलचे कारण यातूनच कळावे: शेड्यूलर अ‍ॅप्लिकेशनच्या आतच सुरू होत असणार. कनेक्शनचेही तेच. डेटाबेसशी बोलणाऱ्या एसक्यूएलअल्केमी या लायब्ररीचा पूल मूळ मांडणीत पाच कनेक्शन राखून ठेवतो आणि गरज पडल्यास आणखी दहा उघडतो, म्हणजे प्रत्येक प्रोसेसमागे कमाल १५. नऊ वर्करचे १३५ होतात, आणि पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० आहे. त्यातलीही तीन सुपरयूजरसाठी राखीव असतात.

लॉगआउटबद्दल मात्र अंदाज करण्यापूर्वी सेशन, म्हणजे कोण लॉगइन आहे ही माहिती, कुठे साठवले जाते ते सांगा.

भोवरा

कोरा_कागद, कनेक्शनच्या हिशेबात एक दुवा सुटतो आहे. साधा सिंक वर्कर एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतो, त्यामुळे त्याचा पूल १५ पर्यंत वाढण्याचे कारणच नाही. नऊ सिंक वर्कर सामान्यतः नऊ-दहा कनेक्शनवर भागवतील. १३५ चा आकडा गाठायला प्रत्येक वर्करमध्ये समांतर काम चालू असले पाहिजे. शून्यप्रहर, सुरू करण्याच्या आज्ञेत थ्रेडची (एकाच प्रोसेसमधल्या समांतर धाग्यांची) संख्या दिलेली आहे का?

शून्यप्रहर

होय, २० थ्रेड दिलेले आहेत. ते आधीपासूनच होते, म्हणून मी त्यांना हात लावला नाही. सेशनसाठी वेगळे काही बसवलेले नाही. फ्लास्कची स्वतःची कुकी वापरली जाते.

भोवरा

मग चित्र स्पष्ट झाले. थ्रेडची संख्या एकाहून अधिक दिली की गुनिकॉर्न सिंकऐवजी थ्रेडचा वर्कर वापरतो. पूर्वी तुमच्याकडे एका प्रोसेसमध्ये २० थ्रेड होते आणि पायथनच्या जीआयएल या अंतर्गत कुलपामुळे त्यांपैकी एका वेळी एकच पायथनचा कोड चालवू शकत होता. एक कोअर भरलेला आणि तीन रिकामे दिसत होते ते त्यामुळेच. आता नऊ गुणिले वीस म्हणजे १८० रिक्वेस्ट एकाच वेळी आत घेण्याची तयारी आहे, आणि ते सगळे चार कोअरवर आणि ९७ कनेक्शनवर.

सूत्राबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ते जिथे तिथे डोळे मिटून चिकटवले जाते. ते फारसे शास्त्रीय नाही, असे गुनिकॉर्नचे दस्तऐवजच सांगतात. एका कोअरवर एक वर्कर सॉकेटवर वाचत-लिहीत असताना दुसरा गणन करत असेल, एवढेच गृहीतक त्यामागे आहे. सुरुवातीसाठी ते ठीक आहे. थ्रेड वेगळे दिलेले असताना मात्र ते तसेच लावण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा स्वतःचे दोन आकडे मोजावेत: एका रिक्वेस्टला एकूण लागणारा वेळ आणि त्यातला प्रत्यक्ष सीपीयूचा वेळ. समजा, सरासरी पानाला २०० मिलिसेकंद लागतात आणि त्यांतले ४० मिलिसेकंद सीपीयूचे आहेत, बाकीचा वेळ डेटाबेसची वाट पाहण्यात जातो. एक कोअर सेकंदाला २५ रिक्वेस्ट पेलेल, चार कोअर १००. सेकंदाला १०० रिक्वेस्ट येत असतील आणि प्रत्येक ०.२ सेकंद आत राहत असेल, तर कोणत्याही क्षणी सरासरी २० रिक्वेस्ट आत असतील. म्हणजे चार प्रोसेस आणि प्रत्येकी पाच थ्रेड एवढ्यात यंत्राची कमाल क्षमता संपते, आणि त्यापुढे वाढवलेला प्रत्येक थ्रेड फक्त रांग एनजिनएक्सच्या दारातून उचलून तुमच्या मेमरीत आणून ठेवतो. त्यातही तुमचा पोस्टग्रेस याच चार कोअरवर बसलेला असल्यामुळे प्रत्यक्षात १०० ची अपेक्षा धरू नये. सीपीयू पूर्ण भरण्याच्या कितीतरी आधी प्रतीक्षेचा वेळ झपाट्याने वाढू लागतो.

पूलचा आकारही थ्रेडइतकाच ठेवावा: पाच राखीव, वरचे शून्य. चार प्रोसेसचे २० कनेक्शन झाले आणि विषय संपला.

सूत्रधार

एवढे सगळे करण्यापूर्वी प्रीलोडचा पर्याय चालू करून पाहावा. एका ओळीचे काम आहे. अ‍ॅप्लिकेशन मास्टरमध्ये एकदाच लोड होते आणि मग फोर्क होते, त्यामुळे शेड्यूलर एकच राहतो आणि ईमेल एकदाच जातो. आमच्याकडे असेच लॉगआउटचे प्रकरण होते, तेही प्रीलोडने थांबले. मेमरी वाचते ती वेगळीच.

अनाहत

सूत्रधार यांच्या उपायाने लक्षणे जातात हे मान्य आहे, आणि म्हणूनच तो मला धोकादायक वाटतो.

प्रीलोडमुळे ईमेल एकदा जातो हा योगायोग आहे. फोर्कनंतरच्या प्रोसेसमध्ये केवळ फोर्क करणारा थ्रेड येतो. शेड्यूलरचा थ्रेड त्यामुळे मास्टरमध्येच राहतो आणि वर्करमध्ये त्याचा मागमूस नसतो. ज्या प्रोसेसने केवळ वर्कर सांभाळायचे, तिच्यात आता तुमचा ईमेल पाठवणारा कोड चालतो. तो थ्रेड एखादे कुलूप धरून बसलेला असताना मेलेल्या वर्करच्या जागी नवा फोर्क झाला, तर नव्या वर्करमध्ये ते कुलूप बंद अवस्थेत उतरते आणि ते उघडणारा थ्रेड तिथे नसतो. असा वर्कर जिवंत दिसतो, पण त्या कुलपापाशी आलेली रिक्वेस्ट कायमची अडकते. ही गोष्ट क्वचित घडते, आणि क्वचित घडते म्हणूनच शोधायला अतिशय त्रासदायक असते.

दुसरे, लोड होतानाच डेटाबेसला एखादी क्वेरी गेली असेल, उदाहरणार्थ सेटिंग्जचे टेबल वाचले असेल, तर ते उघडे कनेक्शन फोर्कबरोबर सगळ्या वर्करकडे जाते. सॉकेट एकच, वापरणारे अनेक. एकाच्या क्वेरीचे उत्तर दुसऱ्याच्या हातात पडते, किंवा एसएसएल चालू असेल तर गर्दी वाढताच डिक्रिप्शन फसल्याच्या त्रुटी दिसू लागतात. प्रीलोड वापरायचाच असेल, तर फोर्कनंतर प्रत्येक वर्करमध्ये जुना पूल टाकून देऊन नवा बांधणे आवश्यक आहे, आणि टाकून देतानाही मास्टरची मूळ कनेक्शन बंद होणार नाहीत हे पाहावे लागते. एसक्यूएलअल्केमीत त्यासाठी डिस्पोजला तसा पर्याय आहे.

तिसरे, प्रीलोड असताना हप सिग्नल (वर्कर नव्याने उभे करण्याची सूचना) पाठवून नवा कोड चढत नाही. जुनाच कोड पुन्हा फोर्क होतो आणि माणूस आपला बदल का दिसत नाही याचा शोध घेत बसतो.

लॉगआउटचे मूळ काय हे कळण्याआधी ते झाकू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मितभाषी

अनाहत यांच्या यादीत एक भर. फोर्कबरोबर यादृच्छिक संख्यांची अवस्थाही तशीच्या तशी जाते. पायथनचा स्वतःचा रँडम मॉड्यूल ३.७ पासून फोर्कनंतर नव्या प्रोसेसमध्ये पुन्हा बीज घेतो, नमपाय या गणिती लायब्ररीचा जागतिक जनरेटर घेत नाही. प्रीलोड केलेल्या सगळ्या वर्करमधून एकाच क्रमाने त्याच "यादृच्छिक" संख्या निघू शकतात.

सूत्रधार

मी उपाय सुचवला, तो शेवटचा शब्द आहे असे म्हटले नाही. तरीही मेमरीचा मुद्दा उरतोच. नऊ वर्कर प्रत्येकी दीड-दोनशे एमबी घेतात, आणि आठ जीबीत पोस्टग्रेसही आहे.

भोवरा

मेमरी मोजताना आरएसएसच्या (प्रोसेसने व्यापलेल्या एकूण मेमरीच्या) रकान्यातले आकडे बेरजेला घेऊ नयेत, कारण प्रोसेसमध्ये सामाईक असलेली पाने त्या बेरजेत प्रत्येकाच्या नावावर पुन्हा पुन्हा धरली जातात. लिनक्सवर पीएसएस पाहावे. प्रॉक फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक प्रोसेसच्या स्मॅप्स रोलअप फाइलमध्ये ते मिळते आणि सामाईक पाने वाटून धरलेली असतात.

प्रीलोडने मेमरी वाचते हेही पायथनमध्ये अर्धेच खरे आहे. फोर्कनंतर पाने सामाईक असतात ती कोणी त्यांवर लिहीपर्यंतच, आणि पायथन प्रत्येक ऑब्जेक्टचा संदर्भमोजणीचा आकडा (तो किती ठिकाणांहून वापरात आहे ते) ऑब्जेक्टमध्येच ठेवतो. म्हणजे नुसते वाचले तरी पानावर लिहिले जाते आणि त्याची स्वतंत्र प्रत तयार होते. इन्स्टाग्रामच्या अभियंत्यांना याच त्रासातून गार्बेज कलेक्टरसाठी (नको असलेले ऑब्जेक्ट काढून टाकणाऱ्या भागासाठी) फ्रीझची सोय हवी झाली आणि ती पायथन ३.७ मध्ये आली. तिने कलेक्टरमुळे होणारे लेखन टळते. संदर्भमोजणीचे तसेच राहते.

पूर्वसूचना

पायथन ३.१३ मध्ये जीआयएल नसलेली प्रायोगिक आवृत्ती आली आहे आणि ३.१४ मध्ये तिला अधिकृत पाठबळ आहे. ती स्थिरावली की एकाच प्रोसेसमध्ये सगळे कोअर वापरता येतील. मग हा सगळा धागाच कालबाह्य होणार नाही का?

अनाहत

कोअर वापरण्याचा भाग होईल. पण एक प्रोसेस कोसळली की तिच्यातल्या सगळ्या रिक्वेस्ट पडतात. नऊपैकी एक पडली तर बाकीच्या आठ चालू राहतात. आणि दुसरे यंत्र जोडायची वेळ आली की सामाईक स्थितीचा प्रश्न होता तिथेच उभा असतो.

नोडकरी

हा आजार पायथनपुरता नाही. नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये, क्लस्टर मॉड्यूलने वर्कर वाढवले की हेच सगळे होते. एक्सप्रेस या तिथल्या वेब फ्रेमवर्कच्या सेशनची मूळ साठवण प्रोसेसच्या मेमरीत असते आणि ती प्रत्यक्ष वापरासाठी नाही असा इशारा ती स्वतःच छापते, तरीही लोक ती तशीच चढवतात. सॉकेट-आयओचे लाँग पोलिंग असेल तर आणखी गंमत होते: पहिली रिक्वेस्ट एका वर्करकडे जाते, पुढची दुसऱ्याकडे, आणि तो "हे सेशन मला माहीत नाही" असे सांगून ४०० ही त्रुटी पाठवतो. तिथे एका वापरकर्त्याला एकाच वर्करशी बांधून ठेवावेच लागते.

फरक एवढाच की नोडमध्ये, विंडोज वगळता, मूळ प्रोसेस स्वतः कनेक्शन स्वीकारून पाळीपाळीने वर्करना वाटते, त्यामुळे दोष लवकर उघडा पडतो. गुनिकॉर्नसारख्या मांडणीत वाटप समान असेलच असे नाही. रहदारी कमी असताना सलग अनेक कनेक्शन एकाच वर्करकडे जाऊ शकतात. चाचणीत सगळे सुरळीत दिसते आणि गर्दीत बिघडते, याचे एक कारण हे आहे.

शून्यप्रहर, लॉगइनच्या चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा असेल तर तीही तपासा. मोजणी प्रोसेसच्या मेमरीत होत असेल तर पाच प्रयत्नांची मर्यादा नऊ वर्करमुळे ४५ पर्यंत ताणली जाते. याची तक्रार कोणताही वापरकर्ता करणार नाही.

घनमूळ

सूत्रावरून आठवले. आम्हाला एका कंटेनरमध्ये १२९ वर्कर सुरू झालेले सापडले होते. कंटेनरला दोनच सीपीयूची मर्यादा होती, पण वर्करची संख्या पायथनच्या सीपीयू काउंटवरून काढलेली होती आणि तो खालच्या ६४ कोअरच्या यंत्राचा आकडा देतो. सीग्रुपने (कंटेनरवर मर्यादा घालणाऱ्या लिनक्सच्या सोयीने) लावलेली मर्यादा त्याला दिसत नाही. मेमरी संपली की कर्नल एखादा वर्कर मारत असे, मास्टर लगेच दुसरा उभा करत असे, आणि तोही कोड लोड करण्यात सीपीयू खात असे. लॉगमध्ये "बहुधा मेमरी संपली" अशा अर्थाची सिगकिलची (प्रोसेस जबरदस्तीने मारल्याची) ओळ एकामागून एक दिसत होती. कंटेनरमध्ये संख्या नेहमी हाताने लिहावी.

रात्रपाळी

१२९ कारकून आणि दोन खुर्च्या.

कोरा_कागद

मूळ प्रश्नातली एक तक्रार अजून अनुत्तरित आहे. शून्यप्रहर, पूर्वी एकच वर्कर असताना सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर लोक लॉगआउट होत होते का?

शून्यप्रहर

होय, प्रत्येक वेळी. नवी आवृत्ती चढवली की सगळ्यांना पुन्हा लॉगइन करावे लागते असे आधीच्या टिपणांतच लिहिलेले आहे, आणि म्हणून आवृत्ती संध्याकाळी चढवण्याची पद्धत आहे.

कोरा_कागद

मग सीक्रेट की कुठून येते ते पाहा. माझी पैज आहे की ती सुरू होतानाच तयार केली जाते.

शून्यप्रहर

मुख्य मॉड्यूलमध्येच सापडले. सीक्रेट कीच्या जागी ऑपरेटिंग सिस्टीमकडून २४ यादृच्छिक बाइट मागून घेण्याचा कॉल आहे. म्हणजे प्रत्येक वर्करची की वेगळी, असेच ना? पण मग लोक कायमचे बाहेर का पडत नाहीत? रिफ्रेश केल्यावर पुन्हा आत कसे येतात?

कोरा_कागद

हे नीट उलगडून पाहण्यासारखे आहे.

फ्लास्कचे सेशन सर्व्हरवर नसते. ते सगळे कुकीत असते आणि कुकीवर सीक्रेट कीने केलेली सही असते. समजा, तिसऱ्या वर्करने तुम्हाला लॉगइन करून घेतले. कुकीवर तिसऱ्याची सही आहे. पुढची रिक्वेस्ट सातव्याकडे गेली. त्याच्या कीने सही पडताळता येत नाही, आणि अशा वेळी फ्लास्क कोणतीही त्रुटी देत नाही; तो गुपचूप रिकामे सेशन समोर ठेवतो. तुम्ही त्याच्या दृष्टीने अनोळखी. परंतु त्या रिक्वेस्टमध्ये सेशनवर काहीच लिहिले गेले नाही, तर सातवा वर्कर कुकीला हात लावत नाही. ब्राउझरकडे तिसऱ्याचीच कुकी राहते, आणि रिफ्रेश करता करता रिक्वेस्ट पुन्हा तिसऱ्याकडे पोहोचली की तुम्ही आत.

याउलट सातव्याने "कृपया लॉगइन करा" असा संदेश फ्लॅश केला, तर तो संदेश सेशनमध्येच लिहिला जातो, नवी कुकी सातव्याच्या सहीने निघते आणि तिसऱ्याची कुकी पुसली जाते. अशा माणसाला कितीही रिफ्रेश केले तरी परत येता येत नाही. तुमच्याकडे काही लोक परत येतात आणि काही येत नाहीत, त्याची विभागणी ते कोणत्या पानावर होते यावरून पडत असावी.

सूत्रधार यांच्याकडे प्रीलोडने हे का थांबले तेही आता कळते: की मास्टरमध्ये एकदाच तयार झाली आणि सगळ्यांकडे तीच गेली. रीस्टार्टला सगळे लॉगआउट होणे मात्र तसेच राहिले असणार.

सूत्रधार

राहिले होते. आम्ही तो नियमच समजत होतो. आज जाऊन पाहतो.

अनाहत

की एकदाच तयार करून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये किंवा वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी आणि ती न मिळाल्यास अ‍ॅप्लिकेशनने सुरू होण्यासच नकार द्यावा. "नाही मिळाली तर यादृच्छिक घे" अशी सोय ठेवू नये. ही सोयच आज तुम्हाला इथवर घेऊन आली आहे.

शेड्यूलरसाठी सर्वांत साधा मार्ग म्हणजे तो अ‍ॅप्लिकेशनमधून काढून फ्लास्कच्या कमांडमध्ये हलवणे आणि सिस्टमडीच्या टायमरवरून किंवा क्रॉनवरून ती कमांड चालवणे. तो आतच ठेवणे भाग असेल तर पोस्टग्रेसचे अ‍ॅडव्हायझरी लॉक वापरता येते: नऊही वर्कर कुलूप मागतात, ज्याला मिळेल तोच काम करतो, आणि ती प्रोसेस मेली की कनेक्शनबरोबर कुलूपही सुटते. तेही सोडवताना घाई करू नये, कारण पहिल्याने काम उरकून कुलूप सोडल्यावर घड्याळाने किंचित मागे असलेला दुसरा ते घेऊन तेच काम पुन्हा करू शकतो. म्हणून पाठवलेल्या पत्रांचे टेबल ठेवून व्यक्ती आणि तारीख या जोडीवर युनिक बंधन घालावे आणि पाठवण्याआधी नोंद करावी. मग शेड्यूलर कितीही असोत, दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल.

घनमूळ

नोंद आधी आणि पत्र नंतर, या क्रमात मधेच प्रोसेस मेली तर पत्र जाणारच नाही.

अनाहत

बरोबर. स्मरणपत्राच्या बाबतीत मला दोनदा जाण्यापेक्षा एखादे न जाणे परवडते. पैशांचा व्यवहार असता तर नोंदीला "पाठवायचे" आणि "पाठवले" अशा दोन अवस्था दिल्या असत्या आणि अर्धवट राहिलेल्या वेगळ्या तपासल्या असत्या.

शून्यप्रहर

सगळ्यांचे आभार. सध्याची स्थिती कळवतो.

सीक्रेट की बाहेर काढली. शेड्यूलर टायमरवर गेला आणि युनिक बंधन घातले. वर्कर चार, थ्रेड प्रत्येकी पाच, पूल पाचचा आणि वरचे शून्य असे केले आहे. पोस्टग्रेसच्या अ‍ॅक्टिव्हिटीच्या व्ह्यूमध्ये गर्दीच्या वेळीही अ‍ॅप्लिकेशनची २० च्या वर कनेक्शन दिसत नाहीत, आणि पानांचा वेग नऊ वर्करच्या वेळी होता तेवढाच आहे. लॉगआउटची तक्रार आलेली नाही. प्रयत्नांची मर्यादा खरोखरच प्रोसेसच्या मेमरीत मोजली जात होती. ती रेडिस या सामाईक साठवणीवर नेली. नोडकरी यांचे विशेष आभार, तो विचार माझ्या डोक्यात आला नसता.

आता दोन प्रश्न उरले आहेत. थ्रेडची भानगडच नको म्हणून नऊ सिंक वर्कर ठेवणे अधिक सोपे झाले असते का? आणि लॉगच्या फाइलमध्ये काही ओळी गायब असल्यासारख्या वाटतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

भोवरा

सिंक वर्कर समजायला सोपे आहेत, आणि पुढे एनजिनएक्स असल्यामुळे मंद ग्राहकांची अडचणही होणार नाही. पण बदलण्याआधी तुमचे सर्वांत लांब चालणारे पान शोधा. सिंक वर्कर एका रिक्वेस्टमध्ये ३० सेकंदांहून अधिक गुंतला की मास्टर तो गोठला असे समजून त्याला मारतो, लॉगमध्ये वर्कर टाइमआउटची ओळ येते आणि वापरकर्त्याला ५०२ हा त्रुटीचा क्रमांक दिसतो. थ्रेडच्या वर्करमध्ये मुख्य थ्रेड आपण जिवंत असल्याची खूण देत राहतो, म्हणून एखादा अहवाल ४० सेकंद चालला तरी तो निभावतो. तिथे एनजिनएक्सच्या मूळ ६० सेकंदांच्या मर्यादेपर्यंत मुभा असते आणि ती ओलांडल्यास ५०४ येतो. असा अहवाल तुमच्याकडे असेल तर तो कामाच्या रांगेत टाकून वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणे हाच नीट मार्ग आहे. मर्यादा ३०० सेकंद करून ठेवलेली मांडणी मी बऱ्याच ठिकाणी पाहतो. तिथे खरोखर गोठलेला सिंक वर्करही पाच मिनिटे तसाच जागा अडवून बसतो.

संख्येशी खेळून पाहायचे असेल तर रीस्टार्टची गरज नाही. मास्टरला टीटीआयएन सिग्नल पाठवला की एक वर्कर वाढतो, टीटीओयूने एक कमी होतो. गर्दीच्या वेळी एकेक करून बदलावे आणि प्रत्येक बदलानंतर थोडा वेळ प्रतिसादाचे आकडे पाहावेत.

मितभाषी

लॉगचा संबंध आहे. आकारमानावर फाइल बदलणारा पायथनचा रोटेटिंग हँडलर वापरत असाल तर एक वर्कर फाइलचे नाव बदलून नवी उघडतो, पण उरलेल्या तिघांच्या हातात जुन्याच फाइलचे हँडल असते आणि ते तिच्यातच लिहीत राहतात. मग त्यांच्यातला दुसरा आपली पाळी आली म्हणून पुन्हा नावे सरकवतो, आणि जपून ठेवायच्या फाइलींची संख्या कमी असेल तर अजून भरायची असलेली फाइलच शेवटच्या क्रमांकावर जाऊन पुसली जाते. अनेक प्रोसेसनी एकाच फाइलवर लिहिण्याला पायथनचे लॉगिंग पाठिंबा देत नाही, असे त्याच्या दस्तऐवजातच नमूद आहे.

फाइल हँडलर काढून सगळे स्टँडर्ड एररवर पाठवा. सिस्टमडीखाली चालवत असाल तर जर्नल ते गोळा करेल आणि साठवणीच्या मर्यादाही तोच सांभाळेल. प्रत्येक ओळीच्या आरंभी प्रोसेसचा क्रमांक छापण्याची सोय फॉरमॅटरमध्ये करून ठेवा. चार वर्करच्या ओळी एकमेकांत मिसळून येतात आणि तो क्रमांक नसेल तर कोणती ओळ कोणाची हे कळायला मार्ग राहत नाही.

शून्यप्रहर

रोटेटिंग हँडलरच आहे, आणि जपून ठेवायच्या फाइलींची संख्या दोन दिलेली आहे. आज बदलतो. लांब चालणारे पानही सापडले: महिन्याचा एकत्रित अहवाल, सुमारे ४५ सेकंद. तो रांगेत जाईपर्यंत थ्रेड तसेच ठेवतो.